मागच्या अंगणातलं घर: आता अडवतंय कोण?

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही सिलिकॉन व्हॅलीत राहतो. घर १९५८ सालचं, एकमजली. प्लॉट ६० बाय १०० फुटांचा, म्हणजे ६,००० चौरस फूट. मागच्या कोपऱ्यात सुटं गॅरेज आहे. त्यात गाडी कधीच लागली नाही. सायकली, रिकामी खोकी आणि गणपतीचं मखर एवढंच. २०१६ मध्ये मागे एक छोटं घर बांधता येईल का, हे विचारायला शहराच्या प्लॅनिंग काउंटरवर गेलो होतो. "तुमचा प्लॉट लहान आहे, शिवाय जादा पार्किंग दाखवावं लागेल," असं म्हणून दोन मिनिटांत परत पाठवलं. आम्ही विषय सोडून दिला.

आता आईबाबांचं ग्रीन कार्ड झालंय. पुढच्या वर्षी ते नाशिकहून कायमचे येतील. आईचे गुडघे गेलेत. आणि मधल्या काळात आमच्याच गल्लीत तीन घरांच्या मागे घरं उभी राहिली, प्लॉट आमच्याएवढेच! नवरा म्हणतो, दरवर्षी नियम सैल होताहेत, अजून दोन वर्षं थांबू, आणखी मोठं बांधता येईल. त्यालाच उलटी भीतीही वाटते: उद्या शहराने नियम फिरवला तर बांधलेलं पाडावं लागेल का? ओळखीचा एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, परमिटच्या भानगडीत पडू नका, गॅरेजचं घर सहा आठवड्यांत करून देतो. एक मित्र म्हणतो, मागचं घर वेगळं विकताही येतं. बॉस्टनजवळची नणंद म्हणते, हे लाड फक्त तुमच्या कॅलिफोर्नियात. आणि बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आम्ही आउटहाउसमध्ये राहायचं का?"

नक्की काय करावं?

– परसदार, बे एरिया

उत्तर

प्रिय परसदार,

तुमच्या गल्लीतल्या त्या तिघांनी कुणाचा वशिला लावलेला नाही. २०१६ मध्ये काउंटरवरच्या माणसाने तुम्हाला सांगितलं तेही त्या दिवशी बहुधा बरोबरच होतं. प्लॉट होता तेवढाच आहे. मधल्या काळात "नाही" म्हणायचा अधिकार शहराच्या हातून गेला.

एवढं नीट उमगलं की तुमचे निम्मे प्रश्न सुटतील, म्हणून जरा मागे जाते. अमेरिकेत कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधायचं हे वर्षानुवर्षं ठरवत आलंय ते शहर. पुण्या-नाशिकात आपण ज्याला एफएसआय आणि सामासिक अंतर म्हणतो, त्याचंच हे चुलत भावंड. "या पट्ट्यात एका प्लॉटवर एकच घर" या नियमाचा उगम साधारणपणे तुमच्या जवळच्याच बर्कलीत, १९१६ सालात मानतात. कारण सांगितलं जायचं शांत वस्तीचं, पण नको त्या रंगाची आणि नको त्या धंद्याची माणसं लांब ठेवणं हाही त्यातला हेतू होता. खुद्द बर्कलीच्या नगर परिषदेने २०२१ मध्ये ठराव करून हे मान्य केलं. शंभर वर्षांत हा नियम इतका पसरला की २०१९ मध्ये सॅन होजेतल्या निवासी जमिनीपैकी ९४ टक्के जमीन सुट्या, एका कुटुंबाच्या घरांसाठीच राखलेली होती. नोकऱ्या आल्या, माणसं आली, घरं मात्र तेवढीच. मग भाडी कुठे गेली हे तुम्हाला मी सांगायला नको.

मागच्या अंगणातल्या घराला, म्हणजे एडीयूला (ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट), कॅलिफोर्नियात कायद्याने वाट ठेवली होती ती १९८२ पासून. पण शहरं त्या वाटेवर इतके दगड टाकायची की कुणी चालू नये. प्लॉट किमान इतका हवा, गाडीला छपराखाली जागा हवी, मालकाने तिथेच राहायला हवं. तुम्हाला परत पाठवलं ते याच दगडांनी.

पहिला मोठा बदल १ जानेवारी २०१७ ला आला आणि खरा दणका १ जानेवारी २०२० ला. एबी ६८, एबी ८८१, एसबी १३ ही त्या वर्षीच्या कायद्यांची नावं. पाठ करू नका, पण काउंटरवर उपयोगी पडतात. तेव्हापासून प्लॉटच्या किमान आकाराची अट शहराला घालता येत नाही. ८०० चौरस फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीचं, बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून ४ फूट सोडून बांधलेलं घर शहराला नाकारता येत नाही, मग प्लॉटवरचं एकूण बांधकाम त्यांच्या टक्केवारीत बसो न बसो. गॅरेजचं घर केलं तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात दुसरं मागता येत नाही. सुनावणी नाही, शेजाऱ्यांच्या सह्या नाहीत, "गल्लीचं रूप बिघडेल" ही चर्चा नाही. नियमात बसतं का, एवढंच तपासायचं आणि ६० दिवसांत उत्तर द्यायचं. मुदतीत उत्तर दिलं नाही तर अर्ज मंजूर झाला असं धरलं जातं.

हे वाचून लगेच कॅलेंडरवर ६० दिवस मोजू नका. "अर्ज पूर्ण असेल तर" या चार शब्दांत सगळी मेख आहे. आम्ही मागे असंच घर बांधलं तेव्हा आमची फाइल तीनदा परत आली: एकदा झाडाचा घेर लिहिला नाही म्हणून, एकदा नकाशावर शेजाऱ्याच्या घराचं अंतर दाखवलं नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा पहिल्याच वेळी सांगता आलं असतं अशा गोष्टीसाठी. २०२३ पासून निदान इतकं झालंय की अर्ज नाकारायचा असेल तर शहराला सगळ्या त्रुटींची यादी, प्रत्येक त्रुटी कशी दुरुस्त करायची यासकट, द्यावी लागते. थेंब थेंब अडवणूक करायची सोय कमी झाली.

आणि काउंटरवर कोणी जुना नियम सांगितलाच तर वाद घालू नका. प्रत्येक शहराला आपला एडीयूचा नियम राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे तपासायला पाठवावा लागतो. तो राज्याच्या कायद्यात बसत नसेल तर तो गळून पडतो आणि राज्याचे नियम लागू होतात. या खात्याची एडीयू हँडबुक नावाची पुस्तिका नेटवर फुकट मिळते. त्यातलं संबंधित पान छापून शांतपणे पुढे सरकवायचं. मी सरकवलं होतं. समोरची मुलगी आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि पुढचा प्रश्न विचारू लागली. संपलं.

आता तुमच्या यजमानांकडे येते. "थांबू, आणखी सैल होईल" हे म्हणणं शेअर बाजारात चालेल. तुमच्या ६० बाय १०० च्या प्लॉटवर आणखी काय सैल व्हायचं राहिलंय? २०२३ मध्ये उंची वाढली ती मुख्यतः रेल्वे आणि मोठ्या बस थांब्यांजवळच्या घरांसाठी, आणि मूळ घराला चिकटून बांधणाऱ्यांसाठी. आईच्या गुडघ्यांना दुसरा मजला नकोच आहे. २०२४ पासून "मालकाने तिथेच राहायला हवं" ही अट एडीयूवर घालायला शहरांना कायमची बंदी झाली. तुम्ही तर तिथेच राहणार आहात. १ जानेवारी २०२५ पर्यंत प्रत्येक शहराने आधीच मंजूर केलेल्या नकाशांची सोय करायची होती. असा तयार नकाशा घेतला तर सुट्या घराच्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा. हा बदल तुमच्या खऱ्या उपयोगाचा आहे, आणि तो झालेलाही आहे. उलट थांबणाऱ्यांचं काय होतं याचंही उदाहरण आहे. नकाशे, परवानग्या असल्या बांधकामाआधीच्या खर्चासाठी उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना राज्याकडून ४०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळायचं. २०२३ संपता संपता ते पैसे संपले. नियम सैल होत राहिले आणि तिजोरी रिकामी झाली.

यजमानांच्या उलट्या भीतीचं उत्तर सोपं आहे. रीतसर परवाना घेऊन बांधलेलं घर, उद्या नियम बदलला म्हणून बेकायदा होत नाही. जुन्या नियमाने झालेलं म्हणून ते तसंच राहतं. जपायचं एकच: परवाना हातात आला की १२ महिन्यांत काम सुरू करायचं, नाहीतर तो बाद होतो. आणि सुरू केलेलं काम महिनोन् महिने तसंच टाकून ठेवायचं नाही.

इथवर सगळं झोनिंगचं, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं या नियमांचं. पण झोनिंग बदललं म्हणजे सगळंच बदललं असं नाही, आणि आपली माणसं नेमकी इथे फसतात. झोनिंग सांगतं की घर हद्दीपासून ४ फुटांवर चालेल. बिल्डिंग कोड हे वेगळंच पुस्तक आहे, त्याला अंगण किती उरलं याच्याशी देणंघेणं नाही, आगीशी आहे. तो म्हणतो, हद्दीपासून ५ फुटांच्या आत भिंत असेल तर ती तासभर आगीला तोंड देणारी बांधा, आणि ३ ते ५ फुटांच्या दरम्यान असेल तर खिडक्या-दारं भिंतीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नका. ३ फुटांच्या आत तर त्या बाजूला खिडकीच नको. म्हणजे एक फूट आत सरकून भिंत ५ फुटांवर घेतली तर पैसेही वाचतात आणि आईला मोठी खिडकीही मिळते. हे आम्हाला आर्किटेक्टने सांगितलं नाही, ड्रायवॉल लावणाऱ्याने सांगितलं.

तुमच्या गॅरेजचंही तसंच. जुन्या काळची सुटी गॅरेजं हद्दीला जवळपास टेकलेली असतात. आहे त्याच जागी, आहे त्याच मापात त्याचं घर करायला झोनिंगची हरकत नाही, ४ फूटही सोडावे लागत नाहीत. पण त्या बाजूला खिडकी नाही, भिंत आगीची, जमीन गाडीतलं पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती, आणि खालून ओल येऊ नये म्हणून टाकायचा प्लास्टिकचा थर १९५८ मध्ये कुणी टाकला असेल तर नशीब. एक चेंडू आत ठेवून बघा, आपोआप दाराकडे जाईल. ती सगळी जमीन सपाट करायची, पाया तपासायचा, मग घर. "आयतं छप्पर आहे" म्हणून गॅरेजच्या मोहात पडलेले दोघंजण मला माहीत आहेत, दोघांनीही शेवटी पाडून नवीनच बांधलं. तुमच्या जागी मी मखर आणि सायकली होत्या तिथेच ठेवीन आणि अंगणात सुटं, साधारण २० बाय ३२ फुटांचं घर बसतं का ते बघीन. ते ६४० चौरस फुटांचं होईल: एक झोपायची खोली, एक बसायची, स्वयंपाकघर, न्हाणीघर.

६४० च का? ८०० बांधता येतं ना? येतं. १,००० सुद्धा कदाचित बसेल. पण ७५० चौरस फुटांच्या आतल्या एडीयूवर शहराला विकास शुल्क लावता येत नाही. म्हणूनच बाजारात ७४९ चौरस फुटांचे नकाशे दिसतात, बाटाच्या किमतीसारखे. शाळांची फी वेगळी असते, ती ५०० च्या वर लागू होऊ शकते, तेवढं विचारून घ्या. आणि घर जितकं मोठं तितकं अंगण लहान. आईबाबा दिवसभर बसणार कुठे, तर तिथेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नकाशा काढायच्या आधी प्लंबर बोलवा.

हसू नका. आमचं घरही पन्नासच्या दशकातलं. आम्ही शहाण्यासारखा आधी आर्किटेक्ट गाठला, पैसे भरले, न्हाणीघर मागच्या डाव्या कोपऱ्यात काढलं, कारण सकाळचं ऊन नको तिथे ते बरं. मग प्लंबर आला. त्याने घराच्या कडेला, माझ्या गुलाबाच्या वाफ्याखाली गाडलेलं एक झाकण शोधून काढलं, जे आम्ही चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यातून कॅमेरा लावलेली लांब तार आत सोडली. हातातल्या छोट्या पडद्यावर मातीच्या पाइपाचा आतला भाग दिसत होता, सांध्यासांध्यातून केसांसारखी मुळं आत आलेली. ३१ फुटांवर कॅमेरा थांबला. पुढे मुळांची जटाच होती. वडाच्या पारंब्या मी झाडावर पाहिल्या होत्या, सांडपाण्याच्या पाइपात पहिल्यांदाच.

पाइप बदलणं एक झालं. त्याहून मोठी अडचण उताराची. सांडपाण्याच्या पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. तुमच्या मागच्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत ८० फूट धरले तर २० इंच झाले. व्हॅलीतली जमीन सपाट, रस्त्याखालची मुख्य लाइन उथळ असेल तर तेवढा उतार मिळत नाही. मग जमिनीत टाकी गाडून पंपाने पाणी वर चढवावं लागतं. वीज गेली की पंप बंद, आणि मग काय होतं ते जेवताना वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. आम्ही पंप टाळला, पण न्हाणीघर उचलून दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला न्यावं लागलं, नकाशा पुन्हा काढावा लागला आणि सकाळच्या उन्हाचं नाव कुणी काढलं नाही. कॅमेऱ्याची तपासणी दोन-चारशे डॉलरमध्ये होते. व्हिडिओची फाइल मागून घ्या, नुसतं तोंडी नको.

दुसरं, मोजणी. कुंपण म्हणजे हद्द नव्हे, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बांध कोरण्यावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टात गेल्यात. इथे आपण लाकडी कुंपण दिसलं की तीच हद्द समजतो. आमच्याकडे सर्व्हेअर आला तेव्हा कळलं की कुंपण शेजाऱ्यांच्या नव्हे, आमच्या सोयीने सात इंच पलीकडे उभं आहे. म्हणजे आमच्या अंगणातली सात इंच त्यांची. कुंपणापासून ४ फूट मोजून पाया खणला असता तर तपासणीत अडकलो असतो. शेजारचे आजोबा बाहेर येऊन बघत होते. त्या पट्टीत आमचं लिंबाचं झाड. "म्हणजे निम्मी लिंबं माझी," एवढंच म्हणाले. अजूनही घेऊन जातात.

मोजणीबरोबर घराचा टायटल रिपोर्टही (मालकी आणि जमिनीवरचे इतरांचे हक्क दाखवणारा कागद) काढून बघा. पुष्कळ जुन्या वसाहतींत मागच्या कुंपणालगत तारांसाठी किंवा पाइपांसाठी राखीव पट्टी असते. तिच्यावर काहीही बांधता येत नाही. तिथे राज्याचे ४ फूट कामाला येत नाहीत.

तिसरं, वीज. १९५८ च्या घराचं पॅनल बहुधा १०० अँपिअरचं असेल. मागे नवीन घर, त्यात हीट पंप, इंडक्शन शेगडी, म्हणजे २०० चं लागेल. नव्याने बांधलेल्या सुट्या एडीयूवर सोलरही लावावं लागू शकतं, गॅरेजचं रूपांतर केलं तर नाही. शहराला ६० दिवसांची मुदत आहे, पण वीज जोडणारे त्या मुदतीत येत नाहीत. आमचं घर रंगवून तयार झालं आणि पाच महिने जोडणीची वाट बघत उभं राहिलं. मधल्या काळात तिथे मुलाने पिंगपाँगचं टेबल मांडलं. वीजजोडणीचा अर्ज नकाशाबरोबरच टाका.

त्या सहा आठवडेवाल्या कॉन्ट्रॅक्टरला चहा पाजून निरोप द्या. "आधी बांधा, मग नियमित करा" ही आपली गुंठेवारीची सवय, आणि खरं सांगायचं तर कॅलिफोर्नियानेही एक गुंठेवारी कायदा केलाय, एबी २५३३. पण तो लागू होतो १ जानेवारी २०२० च्या आधी बांधलेल्या विनापरवाना एडीयूंना. तुम्ही आज बांधलेलं त्यात बसणार नाही. उद्या आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न परमिटचा विचारेल. आणि परवाना मिळणं इतकं सोपं झालेलं असताना चोरून बांधणं म्हणजे तिकीट खिशात असून विनातिकीट प्रवास. जो कॉन्ट्रॅक्टर घ्याल त्याचा लायसन्स नंबर राज्याच्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर तपासा. आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. म्हणजे अडीच लाखांच्या कामालाही १,०००च. "मटेरियलसाठी आधी वीस हजार द्या" म्हणणारा आपला असो की परका, तिथेच थांबा.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. एडीयू वेगळं विकायची परवानगी द्यायची की नाही हे २०२४ पासून राज्याने शहरांवर सोपवलंय. सॅन होजेने त्याच वर्षी ती दिली, राज्यात सगळ्यात आधी. तुमच्या शहराने दिली असली तरी त्यासाठी दोन्ही घरांचं कॉन्डोमिनियम (आपल्याकडच्या फ्लॅटसारखी स्वतंत्र मालकी) करावं लागतं आणि कर्ज देणाऱ्या बँकेची संमती लागते. तुम्हाला मागे आईबाबा हवेत, अनोळखी मालक कशाला?

नणंदबाईंना मात्र आनंदाची बातमी द्या. मॅसॅच्युसेट्सने ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा केला आणि २ फेब्रुवारी २०२५ पासून तिथेही, एका कुटुंबाच्या घरांसाठी राखलेल्या भागात, ९०० चौरस फूट किंवा मूळ घराच्या निम्मं, यातलं जे लहान असेल तेवढं एडीयू हक्काने बांधता येतं. मालकाने तिथे राहायची सक्ती नाही, पार्किंग फार तर एका गाडीचं, आणि स्टेशन अर्ध्या मैलात असेल तर तेही नाही. फक्त बॉस्टन शहराचं झोनिंग वेगळ्या कायद्याने चालतं, त्यामुळे त्या शहरात असतील की बाहेर, हे आधी बघायला सांगा.

कराचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या मालमत्ता कराच्या कायद्यामुळे तुमच्या जुन्या घराची किंमत नव्याने लावत नाहीत. नव्या बांधकामाचीच किंमत धरून ती जुन्या आकड्यात मिळवतात. बांधकाम अडीच लाख डॉलरचं धरलं तर वर्षाला साधारण तीन हजार डॉलर कर वाढेल. आणि आईबाबा मध्ये सहा महिने नाशिकला गेले की घर भाड्याने द्यायचं डोक्यात असेल तर जपून. महिन्याभराहून कमी मुदतीचं, सुट्टीतल्या पाहुण्यांसारखं भाडं एडीयूला सहसा चालत नाही. आणि भाडेकरू वर्षभर राहिला की त्याला निघायला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीही तुमच्या शहराचे भाडेकरू नियम आड आले नाहीत तर. आईबाबांचं परतीचं विमान आणि भाडेकरूचं निघणं यांचा मेळ घालत बसाल.

राहिले बाबा. त्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण त्याला कुठल्याच कायद्यात कलम नाही. "आउटहाउस" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे बंगल्यामागची माळ्याची खोली येत असणार. त्यांना चौरस फूट सांगू नका, नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. बहुतेक शहरं एडीयूला स्वतंत्र पत्ता देतात, तो मागून घ्या. पत्रपेटी वेगळी लावा, दारावर त्यांच्या नावाची पाटी, बेल त्यांची, हीटरचं बटण त्यांच्या हातात. आत यायचं तर तुम्हीही बेल वाजवून यायचं. न्हाणीघराला उंबरा नको, दार ३६ इंचांचं, आणि भिंतीच्या आत आधीच प्लायवूड बसवून घ्या म्हणजे नंतर हाताने धरायचा दांडा कुठेही लावता येतो. फोडणीसाठी पंखा असा घ्या की वाफ पाइपाने थेट बाहेर जाईल. नुसता फिरवून आत सोडणारा पंखा बसवला तर सोफ्याला हिंगाचा वास कायमचा.

आमच्या आईने नकाशात एकच बदल सुचवला. स्वयंपाकाचा ओटा मागच्या कुंपणाकडे तोंड करून होता, तो तिने फिरवून घेतला. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून आमचं मागचं दार दिसलं पाहिजे, कोण किती वाजता घरी येतंय ते कळलं पाहिजे. त्या एका खिडकीसाठी आर्किटेक्टने आणखी चारशे डॉलर घेतले. मी उशिरा आले की तिथला दिवा अजूनही चालूच असतो, आणि मग फोन वाजतो: जेवलीस का?